जुन्या गाडीच्या इंजिनातली टिकटिक, खडखड आणि ठोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाखभर किलोमीटर पळालेल्या इंजिनात काही ना काही वाजतंच. त्यातले बरेच आवाज निरुपद्रवी असतात, काही अर्ध्या तासात मिटतात आणि दोन-तीन असे असतात की ते ऐकल्यावर गाडी आहे तिथेच उभी करावी. पंचाईत अशी की नवख्या कानाला हे तिन्ही प्रकार सारखेच लागतात. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी एकच गोष्ट विचारणार आहे: आवाज कसा आहे ते राहू द्या, तो कधी येतो? इंजिन थंड असताना की तापल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? अॅक्सिलरेटर दाबताना की सोडताना? एवढं नीट सांगता आलं की अर्धं निदान झालं.

इंजिन अचानक वाजायला लागलं. सगळ्यात आधी काय करू?

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "घर जवळच आहे" हा विचार इथे करू नका. क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंग यांच्यात ऑइलचा जो पातळ थर असतो तो तुटला की धातूवर धातू घासतो, आणि मग नुकसान किलोमीटरमध्ये नाही, सेकंदांत मोजायचं असतं.

दिवा नसेल तर सपाट जागी गाडी लावा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी काडी) काढून पुसून पुन्हा बघा. वाजणाऱ्या जुन्या इंजिनांपैकी कितीतरींचा आजार फक्त कमी झालेलं ऑइल एवढाच असतो. जुनं इंजिन ऑइल पितं, बदलायची वेळ लांब असते, मधल्या काळात कोणी झाकण उघडत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. खालच्या खुणेच्याही खाली काडी कोरडी निघाली, तर आधी योग्य ग्रेडचं ऑइल भरा आणि मगच पुन्हा आवाज ऐका.

उलटही होतं. वरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल भरलं तर फिरता क्रँक ते घुसळतो, त्यात फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला, ऑइलच्या दाबावर चालणारा भाग) गेलं की ते टकटकायला लागतात. जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नाही.

लाल दिवा लागत नाही. म्हणजे ऑइलचा दाब ठीक आहे ना?

नाही. तो दिवा बहुतेक गाड्यांत दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. तापलेल्या इंजिनाला मिनिटाच्या दर १००० फेऱ्यांमागे (आरपीएम) अंदाजे ०.७ बार दाब हवा, असा मेकॅनिक लोकांचा जुना हिशोब आहे. म्हणजे २००० फेऱ्यांवर दीड बारच्या आसपास. समजा तुमच्या इंजिनात तो निम्माच आहे. तरी दिवा बंदच राहील आणि बेअरिंग मात्र झिजत राहील. खरा दाब बघायचा तर ऑइल स्विच काढून तिथे काट्याचं प्रेशर गेज लावावं लागतं आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आकडा घ्यावा लागतो. काम सोपं आहे, पण ते न करताच इंजिन खोलायला घेतलेली मी पाहिली आहेत. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

मेकॅनिक विचारतो, "कसला आवाज?" मला तो शब्दांत सांगता येत नाही.

आपल्या भाषेत आवाजांना शब्दांची कमी नाही, ते वापरा. हलकी, भरभर, शिवणयंत्रासारखी टिकटिक बहुधा इंजिनाच्या वरच्या भागातून येते: टॅपेट, रॉकर, इंजेक्टर. जड ठोका, दारावर मुठीने ठक ठक करावं तसा, खालून येतो: कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), मेन बेअरिंग. डब्यात खिळे खुळखुळावेत तसं चढावर वाजलं तर ते पिंगिंग. पत्र्याची खणखण असेल तर सायलेन्सरच्या आसपास बघा. साखळी ओढल्यासारखी खरखर पुढून आली तर टायमिंग चेन (क्रँकच्या तालावर व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवणारी साखळी). पोकळ, बसका, मातीच्या मडक्यावर टिचकी मारावी तसा आवाज थंड इंजिनात आला तर पिस्टन.

पण केवळ या शब्दांवर निदान करू नका. आवाज धातूतून कुठल्या कुठे जातो. टॅपेटची टकटक ऑइल पॅनवर कान लावल्यावरही ऐकू येते. मेकॅनिकला सांगताना शब्दापाठोपाठ वेळ सांगा: "सकाळी पहिल्या स्टार्टला, तीन सेकंद, मग बंद." या एका वाक्यात दहा मिनिटांच्या नकलेपेक्षा जास्त माहिती आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, त्यातही थंड स्टार्टचं रेकॉर्डिंग जरूर, कारण गॅरेजात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं आणि आवाज पसार झालेला असतो.

आवाज वरचा की खालचा, हे ठेक्यावरून ओळखता येतं म्हणतात. कसं?

येतं, आणि माझ्या मते ही सगळ्यात कमी वापरली जाणारी युक्ती आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक होते. त्यामुळे कॅम, टॅपेट, व्हॉल्व्ह यांचा आवाज इंजिनाच्या निम्म्या गतीने येतो, तर रॉड, पिस्टन, फ्लायव्हील यांचा ठोका साधारणपणे पूर्ण गतीने. आयडलिंग (पाय न लावता इंजिन फिरतं ती गती) मिनिटाला ८०० फेऱ्या असेल तर एका सैल टॅपेटची टकटक सेकंदाला साधारण ६ ते ७ वेळा, आणि क्रँकच्या गतीने येणारा ठोका १३ वेळा.

सेकंदाला तेरा ठोके कानाने मोजता येत नाहीत हे खरं. रेकॉर्डिंग चौपट हळू करून ऐका, मग मोजता येतात. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगीची वीज प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग) गाडीत आणखी सोपं आहे. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारी बत्ती, पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावा. ती दोन फेऱ्यांना एकदा चमकते. एका चमकेला एक टक, तर शोध वर घ्या. एका चमकेला दोन ठोके, तर खाली. तीन-चार टॅपेट एकदम वाजत असतील तर हा हिशोब बिघडतो, तेवढं लक्षात ठेवा.

सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होते, मग गाडी दिवसभर गप्प. दुर्लक्ष केलं तर चालेल?

एक-दोन सेकंदांची हलकी टिकटिक असेल तर काळजीचं फारसं कारण नाही. रात्रभरात ऑइल खाली पॅनमध्ये उतरतं आणि वरपर्यंत दाब पोचायला क्षणभर लागतो. ही टिकटिक ऑइल बदलल्यानंतरच सुरू झाली असेल तर फिल्टरकडे बघा. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली वाहू न देणारी रबरी झडप असते; हलक्या फिल्टरमध्ये ती कडक होते किंवा नसतेच. फिल्टर बदलून आवाज गेला तर आनंद.

इंजिनाच्या पुढच्या बाजूने, चेन कव्हरच्या आतून, खरखर किंवा खडखड येत असेल तर मात्र विषय वेगळा. बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. स्टार्टच्या क्षणी दाब नसतो, चेन सैल असते, ती गाइडवर आपटते. चेन नवी असेल तर हे जाणवत नाही. ताणली गेली असेल, गाइडचं प्लास्टिक झिजलं असेल, तर दर सकाळी हीच खडखड. पुढे ती दोनाची पाच सेकंद होते, मग गरम इंजिनातही ऐकू यायला लागते. कित्येक गाड्यांत याच सुमारास चेक इंजिनचा दिवा लागून कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नसल्याचा कोड येतो, पी ००१६ किंवा त्याच्या जवळपासचा. हा कोड आणि सकाळची खडखड एकत्र असतील तर वाट बघू नका. आजच्या बहुतेक इंजिनांत चेनने दात सोडले की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, आणि चेन किटच्या जागी हेडचं पूर्ण काम करावं लागतं.

"चेन आयुष्यभर टिकते" असं सांगितलं जातं. वेळेवर ऑइल बदललं तर बरीच टिकते. घाण ऑइल चेनच्या पिनांना पॉलिश पेपरसारखं घासतं. प्रत्येक पिन थोडी झिजली की बेरीज होऊन अख्खी चेन लांबते.

पहिली पाच-दहा मिनिटं ठक ठक, तापल्यावर आपोआप बंद. हे काय?

दोन संशयित. पहिला पिस्टन स्लॅप. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून थंड इंजिनात पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) थोडा सैल असतो आणि जुन्या इंजिनात जरा जास्तच. दिशा बदलताना तो भिंतीवर आपटतो. तापला की फुगून नीट बसतो. आवाज पोकळ, बसका. ऑइलचा खप वाढलेला नसेल, कॉम्प्रेशन बरोबर असेल, तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. थंड असताना जोरात रेस मात्र देऊ नका. खात्री करायची एक जुनी रीत आहे: संशयित सिलिंडरचा प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, इंजिन सेल्फवर थोडं फिरवा, प्लग लावून स्टार्ट करा. आवाज थोड्या वेळापुरता दबला तर पिस्टनच.

दुसरा संशयित एग्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती. थंड असताना गॅस्केटच्या फटीतून गॅस फसफसत बाहेर येतो आणि ऐकायला हुबेहूब टॅपेटसारखा लागतो. धातू तापून फुगला की फट मिटते. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर काजळीचा काळा फराटा दिसतो का बघा. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं टोक सांध्याजवळून हळूहळू फिरवा. फट आली की फटकारा थेट कानात येतो. नीट न आवळलेल्या स्पार्क प्लगमधूनही असाच आवाज येतो. असा एक प्लग पाव वळसा आवळल्यावर गप्प झालेलं इंजिन मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्या मालकाला त्याआधी सगळे टॅपेट बदलायला सांगितलेलं होतं.

माझं उलट आहे. थंड असताना शांत, तापल्यावर ठोका.

हा प्रश्न वाचला की माझं मन धास्तावतं. तापलं की ऑइल पातळ होतं, आणि झिजलेल्या बेअरिंगची फट भरून काढायला ते पुरत नाही. ठोका तापल्यावर वाढतो तेव्हा पहिला संशय बिग एंड बेअरिंगवर, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे पकडतो तिथे.

५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलभोवती (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) बेअरिंगची योग्य फट साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर असते. एवढ्या जागेत ऑइलचा थर क्रँकला उचलून धरतो, धातू धातूला लागत नाही. ३००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो आणि रॉडवरचा ताण सतत ओढ-दाब होत राहतो. फट वाढली की त्या प्रत्येक उलटण्यात रॉडला आपटायला जागा मिळते. तोच ठोका.

ओळखायचं कसं? उभ्या गाडीत इंजिन तापवा, हळूहळू २००० ते २५०० फेऱ्यांपर्यंत न्या, तिथे क्षणभर स्थिर ठेवा आणि पाय सोडा. रॉडचा ठोका नेमका त्या स्थिर ठेवण्यात आणि सोडण्याच्या क्षणी उघडा पडतो. मग एकेका सिलिंडरचा इंजेक्टरचा कनेक्टर काढून ऐका. ज्या सिलिंडरची ताकद काढल्यावर ठोका एकदम मऊ होतो किंवा थांबतो, तो दोषी. स्पार्कची वायर काढण्यापेक्षा इंजेक्टरचा कनेक्टर बरा: हाताला झटका बसत नाही आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. चाचणी मिनिट-दोन मिनिटांत उरका. रॉड खरंच ठोकत असेल तर प्रत्येक मिनिट क्रँकवर ओरखडे काढतं. आणि जोरात रेस मुळीच देऊ नका.

याच चाचणीत आणखी दोन भावंडं सापडतात. सिलिंडर बंद केल्यावर आवाज कमी न होता उलट वाढला किंवा जोडठोका झाला, टक-टक असा, तर गजन पिन, म्हणजे पिस्टनला रॉडशी जोडणारी खीळ, सैल आहे. एक सिलिंडर बंद करून काहीच फरक नाही, पण शेजारचे दोन एकदम बंद केल्यावर आवाज दबतो, आणि आवाज खूप खोल, पायाखालच्या फरशीत जाणवणारा आहे, तर मेन बेअरिंग. मेन बेअरिंगचा ठोका गाडी ओढत असताना, भाराखाली, जास्त येतो आणि सोबत ऑइलचा दाब पडलेला असतो.

सगळे म्हणतात "टॅपेट वाजतायत, वाजू द्या". खरंच वाजू द्यावेत?

थोडे वाजलेले बरे, हे अगदी बरोबर आहे. स्क्रू किंवा शिमच्या (पातळ चकतीच्या) टॅपेटमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते: इनटेकला साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, एग्झॉस्टला त्याहून थोडी जास्त, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो. फट वाढली की टिकटिक वाढते, गाडीची ओढ थोडी कमी होते, बस. फट संपली तर मात्र व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. उष्णता सीटमधून हेडमध्ये जायला वाट राहत नाही, आणि व्हॉल्व्हची कड जळते. यात आवाज काहीच होत नाही. म्हणून ज्या जुन्या इंजिनाचे टॅपेट वर्षानुवर्षं सेट केलेले नाहीत आणि ते अगदी गप्प आहे, त्याची मला वाजणाऱ्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या गाड्यांत हे विशेष बघावं. १९२१ साली थॉमस मिजली यांच्या गटाने नॉकिंग रोखायला पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालण्याचा शोध लावला, आणि त्या विषारी शिशाचा एक उपयोग असाही होता की मऊ व्हॉल्व्ह सीट झिजत नसे. जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जेरियाने, २०२१ मध्ये असं पेट्रोल विकणं थांबवलं, आणि ते योग्यच झालं. पण त्या जमान्यातल्या बिडाच्या हेडमध्ये कडक सीट बसवलेल्या नसतील तर व्हॉल्व्ह हळूहळू आत धसतो आणि टॅपेटची फट आपोआप मिटते. अशा गाडीला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नियमित लावा.

हायड्रॉलिक टॅपेटला सेटिंग नसतं. ते थंड स्टार्टला क्षणभर वाजून थांबले तर चालू द्या. तापल्यावरही एखादा वाजत राहिला तर योग्य ग्रेडचं ताजं ऑइल टाकून हजारभर किलोमीटर चालवा; अडकलेला टॅपेट बरेचदा सुटतो. नाही सुटला तर बदला.

चढावर किंवा टॉप गिअरमध्ये पाय दाबला की खुळखुळ येते. पाय सोडला की गायब.

हे पिंगिंग, ज्याला नॉकिंगही म्हणतात. यात कुठलाच सुटा भाग सैल झालेला नसतो. आवाज आगीचा असतो. प्लगच्या ठिणगीपासून ज्योत पसरत जाते तेव्हा कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींमध्ये घुमते, मध्यम आकाराच्या बोअरमध्ये सेकंदाला ६ ते ७ हजार कंपनांनी. ती किणकिण आपल्याला ऐकू येते. अधूनमधून, हलकी झाली तर इंजिन सोसतं. रोज भाराखाली होत राहिली तर पिस्टनची कड फुटते, रिंगांमधली पट्टी तुटते, हेड पॅकिंग जातं.

पेट्रोलच्या ऑक्टेनचा संबंध इथेच. आयसो-ऑक्टेन १०० आणि हेप्टेन ० धरून पेट्रोल या आपोआप पेटण्याला किती दाद देत नाही ते मोजतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ऑक्टेनपेक्षा हलकं पेट्रोल भरलं असेल तर आधी ते संपवा. पण पूर्वी त्याच पेट्रोलवर न वाजणारी गाडी म्हातारपणी वाजायला लागली, तर दोष इंजिनातच कुठेतरी आहे. कार्बन साचून ज्वलनकक्ष लहान होतो आणि कॉम्प्रेशन वाढतं; तोच कार्बन लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतोही. रिंगा गेल्या की ऑइल वर येऊन जळतं आणि इंधनाचा ऑक्टेन प्रत्यक्षात घसरतो. रेडिएटर अर्धा चोंदला, थर्मोस्टॅट अडकला, की तापमान वाढतं. व्हॅक्यूमची नळी चिरली की मिश्रण पातळ होतं. इजीआर झडप (जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारी) बंदच राहिली की ज्वलन जास्त गरम होतं. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कोणी तरी पुढे करून ठेवलेलं असतं. कोणी चुकीच्या हीट रेंजचा प्लग बसवलेला असतो. मी तपासणी याच क्रमाने करत नाही: आधी टायमिंग आणि कूलिंग, मग व्हॅक्यूम आणि प्लग, कार्बन शेवटी, कारण तो काढायला सगळ्यात मेहनत.

नॉक सेन्सर असलेल्या गाडीत आणखी एक फसगत होते. सेन्सर खुळखुळ ऐकतो आणि कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो, म्हणून तुम्हाला आवाज येत नाही, फक्त पिकअप मेल्यासारखा वाटतो आणि अॅव्हरेज घसरतं. सेन्सरच निकामी झाला तर पी ०३२५ सारखा कोड येतो.

डिझेल इंजिन तर कायमच खडखडतं. त्यात बिघाड कसा ओळखायचा?

बदलावरून. डिझेल आत फवारल्यावर पेटायला क्षणभर उशीर लागतो. थंडीत तो उशीर वाढतो, तेवढ्यात जास्त इंधन साठतं आणि एकदम भडकतं. म्हणून थंड डिझेलची खडखड नैसर्गिक आहे. तापल्यावरही एकाच सिलिंडरचा टणक, ठसठशीत ठोका वेगळा ऐकू येत असेल, सोबत धूर असेल, तर इंजेक्टर गळतोय किंवा नीट फवारत नाही असं आधी धरा. रॉडचा ठोका आणि इंजेक्टरचा ठोका दोन्ही त्या सिलिंडरचं इंधन तोडल्यावर जातात, म्हणून इथे घाईने इंजिन खोलू नका. इंजेक्टर आधी चाचणीला पाठवा, किंवा दोन सिलिंडरचे अदलाबदल करून ठोका सोबत जातो का बघा. ज्या गाडीत इंजेक्टरचं कोडिंग असतं तिथे ही अदलाबदल स्कॅनर असलेल्याकडूनच करून घ्या.

एक गोष्ट अतिशय गंभीरपणे सांगतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलमध्ये इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून सिलिंडर बंद करायची रीत आहे. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ते) ती कधीही वापरू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, आणि त्या फवाऱ्याने कातडी फुटून डिझेल शरीरात घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर वेदना नसली तरी तडक रुग्णालय गाठा.

आवाज इंजिनाचा नसून दुसऱ्याच कशाचा असू शकतो का?

हो, आणि जुन्या गाडीत ही शक्यता नेहमी आधी तपासावी. माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा आयडलिंगला भयंकर खडखड सुरू झाली. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे "इंजिन काम काढावं लागेल" असं उत्तर. शेवटी गाडीखाली झोपून बघितलं तर सायलेन्सरच्या पाइपवरचा उष्णतारोधक पत्रा एका बोल्टवर लटकत होता. बोल्टचं भोक गंजून मोठं झालेलं. खाली एक वॉशर टाकला, आवाज संपला.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतली जाळी फुटली तर तीही खुळखुळते. थंड असताना मुठीने ठोकून बघा, आतून तुकडे वाजतात. इंजिन फाउंडेशनचं रबर बसलं की गिअर टाकताना आणि सोडताना धप्प आवाज येतो. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का, हे जरूर बघा: बदलला तर फ्लायव्हील, क्लच किंवा गिअरबॉक्सकडे वळा. ड्युअल मास फ्लायव्हील गेलं की बंद करताना खडखडतं. ऑटोमॅटिकमध्ये फ्लेक्स प्लेटला (फ्लायव्हीलच्या जागची पातळ तबकडी) तडा गेला तर तिचा ठोका रॉडपासून वेगळा ओळखणं खरोखर अवघड असतं; तपासणीची खिडकी उघडून तडा किंवा ढिला बोल्ट शोधणं हाच उपाय.

समोरून येणाऱ्या खरखरीसाठी बाहेरचा फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर अल्टरनेटर, पुली, टेन्शनर, एसी कॉम्प्रेसर यांतलं काही तरी. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही.

स्टेथोस्कोप नाही. स्क्रू ड्रायव्हर चालेल?

लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा लाकडी काठी चालते. टोक भागावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. कानाच्या आत नव्हे, धक्का बसला तर पडदा फाटेल. व्हॉल्व्ह कव्हर, चेन कव्हर, ब्लॉकची बाजू, ऑइल पॅन अशी फेरी मारा आणि कुठे तीव्र, कुठे बोथट ते लिहून ठेवा. ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातली साखळी लांब ठेवा. रेडिएटरचा विजेचा फॅन न सांगता सुरू होतो. बंद खोलीत इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जाड ऑइल किंवा आवाज घालवणारं औषध टाकू का?

टाकल्यावर आवाज कमी होईल. झिजलेलं बेअरिंग तेवढंच झिजलेलं राहील, आणि तुमच्याकडे असलेली एकमेव सूचना तुम्ही बंद केलेली असेल. शिवाय जाड ऑइल थंडीत वर पोचायला वेळ लावतं, म्हणजे चेन आणि हायड्रॉलिक टॅपेट आणखी वाजतात. निर्मात्याने पुस्तकात दोन ग्रेडना परवानगी दिली असेल तर त्यातला जाड वापरा, त्यापुढे नको. आत गाळ साचलेल्या इंजिनात फ्लशिंगही जपून: सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर होता तो दाबही जातो.

इंजिन न खोलता बेअरिंगची खात्री करता येते का?

बरीचशी. ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात बघा. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पसरा. चमचमते कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड: चेन, कॅम, रिंगा. न चिकटणारे तांबूस कण तांब्याचे, म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून खालचा उघडा पडलाय. न चिकटणारे चंदेरी कण पिस्टनचे असू शकतात, किंवा अॅल्युमिनियमच्या बेअरिंगचे. बारीक करडी धूळ प्रत्येक जुन्या इंजिनात निघते, तिने घाबरू नका. पापुद्रे निघाले तर घाबरा.

जुनी गाडी विकत घेतोय. काय ऐकू?

सगळ्यात आधी थंड स्टार्ट. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर आणि सायलेन्सरच्या टोकाजवळ हात धरा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मग इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि २००० फेऱ्यांवरची चाचणी करा. दोन्ही टोकं ऐकल्याशिवाय सौदा नको.

मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावंच लागेल. हो म्हणण्याआधी काय विचारू?

ऑइलचा दाब मोजला का, तापल्यावर किती आला? कोणता सिलिंडर बंद केल्यावर आवाज बदलला? बेल्ट काढून ऐकलं का? फिल्टर कापला का? चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली तर माणूस नीट काम करतोय. तरीही सगळं इंजिन एकदम नको. आधी फक्त ऑइल पॅन उतरवून संशयित रॉडची कॅप काढायला सांगा. बऱ्याच इंजिनांत हे इंजिन गाडीतच ठेवून होतं.

बेअरिंग शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) गेलेले आहेत पण जर्नल नखाला गुळगुळीत लागतंय, मायक्रोमीटरने गोल आणि मापात आहे, तर नवे शेल आणि रॉडचे नवे बोल्ट घालून, प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायची प्लास्टिकची बारीक तार) फट मोजून काम भागू शकतं. नखाला ओरखडा लागला, तर क्रँक काढून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ग्राइंड करून त्या मापाचे शेल घालावे लागतात, आणि तेव्हा ऑइल पंपही तपासायचा. बेअरिंग का गेलं याचं उत्तर मिळाल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू देऊ नका. ऑइल पंपाची जाळी चोंदलेली असेल आणि ती तशीच राहिली, तर नवे शेल जुन्यांइतकेही टिकणार नाहीत.